आडवी फांदी

"तो येडा होता का, तेवढं सांगा मले," कमलाबाई म्हणाल्या. "चहापानी मंग."

कोलूभाऊंनी कोऱ्या चहाचा ग्लास पुढे केला होता, तो हातातच राहिला. बाईंना येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. सकाळी सहाला बल्लारपुरात एसटीत बसून, आलापल्लीला गाडी बदलून, फाट्यावर उतरून, धान पोचवून परत येणाऱ्या ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत हादरत ही बाई दुपारी दोनला वेंगाटोल्यात पोचली होती. गावाच्या अलीकडे ट्रॅक्टरवाल्याने बोट दाखवलं तिथे उतरून, पोराला माती दिली होती त्या जागेपाशी तिने हात जोडून त्रिसरण म्हटलं होतं. मग त्याला राहायला जागा देणाऱ्या कोलूचं घर विचारत आली, "मी प्रणितची आई," म्हणाली आणि खाटेवर बसता बसता हा प्रश्न टाकला.

कमलाबाईंचा स्वभावच तसा. सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं परिचर म्हणून काढली होती. डॉक्टर राउंडला यायचे, कागद बघायचे, इंग्रजीत काहीतरी पुटपुटून पुढच्या खाटेकडे वळायचे. मग नातेवाईक कमलाबाईंना व्हरांड्यात गाठायचे, "बाई, वाचते का आमचा मानूस?" कमलाबाई आडपडदा ठेवत नसत. वाचण्यातला असला तर तसं सांगत, नसला तर म्हणत, "घरच्याईले बलावून घ्या." लोक त्यांना फटकळ म्हणत, पण विचारायला त्यांच्याकडेच येत. आता त्यांना स्वतःला काही विचारायचं होतं, तर सरळ सांगेल असं बल्लारपुरात कोणी उरलं नव्हतं.

प्रणित त्यांचा धाकटा. सत्तावीस वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा, गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात पक्की नोकरी. ती सोडून तो वेंगाटोल्याच्या पलीकडे नाल्याकाठी झोपडी बांधून एकटा राहिला. चौदा महिने राहिला आणि मागच्या वर्षीच्या सप्टेंबरात तापाने गेला.

त्यांच्या घरात जंगल ही काही कौतुकाची वस्तू नव्हती. कमलाबाईंचे सासरे बांबू तोडायला याच भागात यायचे, महिना महिना तळावर राहायचे आणि घरी आले की आठ दिवस थंडीतापाने कुडकुडत पडायचे. नवरा कागद कारखान्याच्या यार्डात तोच बांबू उतरवून उतरवून छातीने अधू झाला आणि पन्नाशीच्या आत गेला. मोठा राजदीप कोळशाच्या खाणीत लागला. धाकट्याने तेवढा डोक्यावर हेल्मेट घालून मशीनसमोर उभं राहायचा मान मिळवला. एवढ्या खटाटोपाने बाहेर काढलेलं पोरगं आपल्या पायांनी परत तिथेच जाऊन बसलं, हे कमलाबाईंच्या गळ्याखाली काही केल्या उतरत नव्हतं.

तो जायला निघाला त्या दिवशी त्या भाकरी थापत होत्या.

"आई, मी जातो," तो म्हणाला.

"किती दिवसाची सुट्टी हाय?"

"सुट्टी नाई. राहाले चाललो."

"काऊन? कोन काय म्हटलं तुले?"

"कोनीच काई नाई म्हटलं. मले काई दिवस एकटं, उगामुगा राहाचं हाय. भगवान बुद्ध बी घर सोडून गेलेच होते ना?"

"त्याईच्या मांगं राजवाडा होता, बाप्पा," कमलाबाई म्हणाल्या होत्या. "तुह्या मांगं मी हावो आनं माही पाठदुखी."

तो हसला होता. त्यांनाही हसू आलं होतं, आणि महिन्याभरात येईल परत, असं त्यांनी धरून चाललं होतं.

तो गेल्याचं कळलं तेव्हा नदीला पूर होता. पोलीस आणि डॉक्टर डोंग्यातून आले, पंचनामा झाला, मेंदूचा मलेरिया असं कागदावर लिहिलं गेलं. थांबण्यासारखं नव्हतं म्हणून गावाने तिथेच माती दिली. राजदीप चौथ्या दिवशी कसाबसा ठाण्यापर्यंत पोचला. भाऊ कोणाच्या संगतीत होता हे त्याला तिथे दोनदा विचारलं गेलं, आणि कोणाच्याच नाही, हे उत्तर ऐकणाऱ्याला पटायला वेळ लागला. प्रणितची पिशवी घेऊन तो तिथूनच माघारी फिरला. "आई, येडेपना केला त्यानं," एवढंच म्हणाला.

पहिल्या स्मृतिदिनाला विहारात विहार समितीचे गुणवंतराव दोन शब्द बोलायला उठले. निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे दोनावर थांबणं त्यांना कधी जमलं नाही. "बाबासाहेबांनी आपल्याला शहराकडे जा म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "आपला हा पोरगा शिकूनसवरून उलट्या पावलानं गेला. तरुणांनी यातून धडा घ्यावा." लोकांनी माना हलवल्या. राजदीपनेही हलवली. कमलाबाईंना संताप आला, पण तो गुणवंतरावांचा की पोराचा, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांच्याही मनात तेच होतं ना! निवृत्तीचे कागदपत्र आटोपले, धानकापणी होऊन रस्ते कोरडे झाले आणि डिसेंबरात त्या एकट्याच निघाल्या.

"येडा…" कोलूभाऊंनी तो शब्द जरा वेळ तोंडात घोळवला. साठीचा, सडपातळ माणूस. त्यांची घरातली भाषा गोंडी, मराठी बांबूच्या तळावर शिकलेली, म्हणून एकेक शब्द चाचपून पुढे टाकत. "येडा नाई म्हनू. येडा मानूस कपडे फेकते, रस्त्यानं बोलत जाते. हा तं कामाचा होता. गावाची बोरिंग बिघडली, यानं दुरुस्त केली. वायसर नव्हता तं सोताची चप्पल कापून बसवला."

"बोरिंग दुरुस्त कराले इथवर कायले या लागते? बल्लारपुरात बोरिंगा बिघडत नाईत का?"

ओसरीवर सुपाने धान पाखडत असलेली बुधरीबाई, कोलूभाऊंची बायको, हसली. "पयल्या साली लय हसलो आमी त्याले," ती म्हणाली. "झोपडीचं दार नाल्याकडं केलं. गावातला सुकलूदादा म्हने, थंडी भरन, दार फिरव. हा म्हने, पानी दिसते ना इथून. मंग पूस महिना लागला आनं दात वाजाले लागले, तवा फिरवलं. वाल पेरला, कुंपन नाई केलं. डुकरं खाऊन गेले. दुसऱ्या साली काटे आनून कुंपन केलं."

"म्हंजे धक्के खाऊनच शिकला."

"सगडे तसेच शिकते, बाई."

कमलाबाईंनी आता चहा घेतला. दोन घोट झाले आणि त्यांच्यातली दवाखान्यातली बाई जागी झाली. "मच्छरदानी होती ना त्याच्यापाशी? मी देलती. औषध लावलेली."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"सुकलूदादाच्या नातीले देली त्यानं," बुधरीबाई सूप खाली ठेवत म्हणाली. "पानी लागाच्या टायमाले सुनेले लेकरू झालं. तो पाहाले गेल्ता, तवा."

"आनं सोताले?"

"सोताले धूर करीन म्हने."

"येडाच होता मंग," कमलाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पदराने नाक पुसलं. ते पोर जगलं का, हे विचारल्याशिवाय मात्र त्यांना राहवलं नाही. जगलं होतं, चालायला लागलं होतं.

"पन ताप आला तं गावात काऊन नाई आला?" त्यांचा स्वर चढला. "दूर हाय का काई? गावात आशाताई असंल, गोळ्या असंल. तीस वर्सं मी लोकाईच्या तोंडात गोळ्या टाकल्या, मले माहीत नाई का? पयल्या दिवशी आला असता तं चार दिवसात उभा राह्यला असता. आनं तुमी? तुमी त्याले चांगला म्हनता, मंग तुमी काऊन नाई गेले पाहाले?"

कोलूभाऊंनी खुंटीवरचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला.

"चाला," ते म्हणाले. "तिथीच सांगतो."

तिघं निघाले. कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून पायवाट जंगलात शिरत होती. कोलूभाऊ पुढे, मध्ये कमलाबाई, मागे बुधरीबाई. दहा-बारा मिनिटांनी एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली कोलूभाऊ थांबले. वाटेत एक फांदी आडवी ठेवलेली होती, दोन्ही टोकं दोन दगडांवर टेकवून. पानं केव्हाच गळून गेली होती, सालीवर वाळवीची माती चढली होती. पायवाट तिथून डावीकडे वळून लांब वळसा घेत नाल्याकडे जात होती. फांदीच्या पलीकडे सरळ जाणारीही एक वाट कधीकाळी असावी, पण तिच्यावर आता कमरेएवढा तरोटा माजून वाळला होता.

"हे काय?" कमलाबाईंनी विचारलं.

"येनाची फांदी हाय. त्याचीच. त्यानं टाकली."

मग कोलूभाऊंनी सांगायला सुरुवात केली, आणि या वेळी ते शब्दासाठी फारसे अडखळले नाहीत. कदाचित मनातल्या मनात त्यांनी हे पुष्कळदा सांगून पाहिलं असावं. गावात कोणाच्या घरी व्रत असलं, नव्या धानाची पूजा असली, की वाटेवर ऐनाच्या झाडाची फांदी आडवी टाकतात. फांदी पडली की आत कोणी जायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. ज्याने टाकली त्यानेच ती उचलायची. प्रणितने ते पाहिलं आणि त्याला ते फार आवडलं. नागपूरला दहा दिवसांच्या विपश्यनेला तो दोनदा जाऊन आला होता. तसंच इथे बसायचं, म्हणून तोही फांदी टाकायला लागला. दहा दिवस मौन. अकराव्या दिवशी फांदी उचलून गावात यायचा, मीठ न्यायचा, पोरांशी खेळायचा.

"तीन बार बसला. चवथ्या बारीले ताप आला."

"आनं तुमी फांदी पाहून परत गेले."

"आइका बाई, पुरं आइका." कोलूभाऊंनी हात जोडल्यासारखे केले. "आमच्यात फांदी टाकते, त्याचा एक हाकेचा मानूस राह्यते. तो रोज सांजेले इथी येते, फांदीच्या इकडून हाक देते. आतला लाकडावर लाकूड वाजवते. वाजलं, म्हंजे बरा हाय. नाई वाजलं, तं हाकेचा मानूस फांदी ओलांडून आत जाते. त्याले एकट्यालेच तेवढी सूट."

"याचा कोन होता?"

बुधरीबाईने नवऱ्याकडे बोट केलं.

"याईले वाटलं, सुकलूदादा हाय. त्याच्या नातीले मच्छरदानी देली, जीव तिथी होता म्हनून. सुकलूदादाले वाटलं, हे हायेत, जागा याईची म्हनून. सहाव्या दिवशी मी याईले म्हटलं, सकाडी धूर नाई दिसून राह्यला."

"मी आलो," कोलूभाऊ म्हणाले. "इथीच उभा राह्यलो. मी हाकेचा मानूस नाई. मी पाय टाकला तं त्याचं व्रत मोडते. परत गेलो. आठव्या दिवशी अखीन आलो. हाक देली. आवाज नाई. पन मी त्याचा हाकेचा नाई, माह्या हाकेले तो लाकूड कायले वाजवन! अकरा दिवस झाले, फांदी तशीच. मंग सुकलूच्या घरी गेलो. म्हटलं, दादा, लाकूड वाजते का? सुकलू म्हने, मले काय इचारतं? तू हायेस ना."

कुठेतरी होले घुमत होते. कोलूभाऊंनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"त्यानं निस्ती फांदी पाह्यली. हाकेचा मानूस लागते, हे त्याले कोनी सांगतलं नाई. सांगा लागते, हेच आमाले नाई समजलं. इथच्या लेकराईले बी ठाऊक राह्यते ते, कोनी सांगत नाई. आमी तवाच धावलो. फांदी नाई ओलांडली, नाल्याकडून फिरून गेलो."

"झोपडीत होता?"

"नाई. वाटेवर होता, पावसाच्या तरोट्यात, इथून दिसत नव्हता. तिथी." कोलूभाऊंनी बोट दाखवलं. तरोट्याच्या वर एका कोवळ्या बिब्याच्या झाडाचा शेंडा दिसत होता. "तोंड इकडं होतं."

कमलाबाईंनी त्या झाडापासून फांदीपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. पुरुष वॉर्डाच्या दारापासून शेवटच्या खाटेपर्यंत असतं, साधारण तेवढं. भरल्या ड्युटीत हे अंतर त्या दिवसातून शंभर वेळा चालल्या असतील.

"येत होता तो," त्या म्हणाल्या.

आणि मग तिथेच, मोहाच्या मुळावर बसून त्या मोठ्याने रडल्या. बल्लारपुरात त्या अशा रडल्या नव्हत्या, तिथे चार माणसं सांत्वनाला टपलेली होती. तो परत यायला निघाला होता याचं त्यांना बरं वाटलं, आणि तो निघूनही पोचला नाही हे सहन होईना. बुधरीबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, पण तिने त्यांना हात लावला नाही की उगी म्हटलं नाही.

रडणं ओसरल्यावर कोलूभाऊ म्हणाले, "येडा म्हनाचं तं मले म्हना, बाई. दोनदा इथवर येऊन परत गेलो. एवढ्या उमरीचा मानूस, एका फांदीले भेलो."

कमलाबाईंनी डोळे पुसले. व्हरांड्यात गाठणाऱ्या नातेवाइकांकडे पाहत तसं त्यांनी कोलूभाऊंकडे नीट पाहिलं. या माणसाला खोटं सांगून काही उपयोग नव्हता. त्याला खरं हवं होतं, आणि वर्षभर ते त्याला कोणी दिलं नव्हतं.

"भाऊ, तुमाले खोटं नाई सांगत," त्या म्हणाल्या. "सहाव्या दिवशी आत गेले असते, तं वाचला असता."

कोलूभाऊंनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला नाही. उलट खांद्यावरचं ओझं कोणीतरी क्षणभर हाताने उचलून धरावं तसे ते जरा सरळ झाले.

"पन येडे नाई तुमी," कमलाबाई पुढे म्हणाल्या. "घरी सहा महिने तो सांगत होता, मले काई दिवस एकटं राहू द्या. मी पोरीईचे फोटो दाखवत होती. राजदीप टीव्ही लावून बसे. आमी त्याले एक सांज एकटं नाई सोडलं. तुमी त्याचं म्हननं राखलं. दवाखान्यात कोनी आला तं पयले आमी इचारतो, पेशंटसोबत कोन हाय? कोनी नसलं तं मी सोता येताजाता पाहो. आनं माह्याच पोराले हे नाई समजलं, का एकटं राहाले बी कोनी सोबत लागते."

"शिकला असता," बुधरीबाई म्हणाली. "दाराचं शिकला, कुंपनाचं शिकला. हे बी शिकला असता."

"हो. शिकला असता."

उन्हं कलायला लागली होती. कमलाबाईंना त्या वाळक्या फांदीकडे पाहून आता वेगळंच वाटलं. "पन हे अजून इथी काऊन हाय?"

"ज्यानं टाकली त्यानं उचलाची. नाई तं रक्ताच्या मानसानं. तुमचा मोठा पोरगा ठान्यातूनच परत गेला, इथी आलाच नाई," कोलूभाऊ म्हणाले. "तवापासून गाव नाल्याले फिरूनच जाते."

सव्वा वर्षाचा सगळा काळ, डोक्यावर पाण्याची गुंडी घेतलेल्या बाया, गुरं, लाकडाच्या मोळ्या, सगळं गाव तो वळसा घालून जात होतं. त्यांच्या पोराने आत येऊ नका म्हटलं होतं, म्हणून. बल्लारपुरात सत्तावीस वर्षांत त्याचा एवढा मान कोणी ठेवला नव्हता, हे कमलाबाईंनी मनाशी कबूल केलं. गुणवंतरावांना हे सांगितलं तर त्यांना कळेल की नाही, कोण जाणे. राजदीपला सांगायला हवं.

त्या उठल्या. पदर खोचला, वाकून दोन्ही हातांनी फांदी उचलली. ती अगदीच हलकी झाली होती. त्यांनी ती मोहाच्या बुंध्याला टेकवून उभी केली आणि तरोटा बाजूला सारत त्या पुढे निघाल्या. बिब्याच्या झाडापाशी थोडा वेळ थांबल्या, खाली वाकून त्या मातीला हात लावला. मग मागे वळून पाहिलं तर ती दोघं फांदी होती त्या जागेच्या अलीकडेच उभी होती.

"या ना, भाऊ," कमलाबाई म्हणाल्या. "बुधरीबाई, या. पोराचं घर हाय."

कोलूभाऊंनी चपला काढून वाटेच्या कडेला ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं. त्यांच्यामागे बुधरीबाई आली.

झोपडीचं छप्पर एका बाजूने बसलं होतं. आत बांबूचं मचाण, चुलीचे तीन दगड, कोपऱ्यात पालथा पडलेला, भात शिजवायचा एक जर्मनचा गंज. कमलाबाईंनी मचाणावरचा पाचोळा हाताने झाडला आणि दोघांना बसायला सांगितलं. "नाई, बाई, राहू द्या," कोलूभाऊ संकोचून म्हणाले, पण बाईंनी ऐकलं नाही, तेव्हा दोघं कडेला टेकली.

पाहुणे आले म्हणजे आधी पाणी. कमलाबाई गंज घेऊन नाल्यावर गेल्या. आतलं कोळ्याचं जाळं काढलं, वाळूने गंज आतून-बाहेरून घासला, तीनदा विसळला, वाहतं पाणी भरून आणला. प्यायला पेला नव्हता. कोलूभाऊंनी ओंजळ पुढे केली, त्यांनी वरून धार धरली. मग बुधरीबाईच्या ओंजळीत धरली. गंज दाराशी ठेवून, पदराला हात पुसत त्या उंबऱ्याजवळ बसल्या आणि बुधरीबाईला त्यांनी घरी किती लेकरं आहेत ते विचारलं.